लेबल धुतलेली रेकॉर्ड

"आधी ऐक. नाव मग."

एवढं बोलून तो हेडफोन माझ्या कानांवर चढवायचा आणि फोनची स्क्रीन तळहाताने झाकून बसायचा. गाणं कोणाचं आहे ते मला दिसू नये म्हणून. जेवणाच्या अर्ध्या तासात माझी पोळी-भाजी गार व्हायची आणि कानात नव्वद-एक्याण्णव सालच्या कुठल्यातरी पोरांचं रॅप घुमायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. गाणं संपलं की तो हात काढायचा. नाव वाचूनही माझा चेहरा कोराच राहायचा आणि त्याला कोण आनंद व्हायचा. "बघ, कोणालाच माहीत नाही! आणि मग जे फेमस झाले ना, त्यांनी सगळं यांच्याकडून घेतलं."

मिसिसागात विमानतळाजवळच्या एका वेअरहाउसमध्ये आम्ही खोकी भरायचो. मी फलटणहून शिकायला आलेली, दुपारपर्यंत काम आणि संध्याकाळी कॉलेज. तो तिथला जुनाजाणता. पहिल्या दिवशी मी त्याला काका म्हटलं. "काका? आय ॲम फोर्टी-सिक्स!" तो इतका दुखावला की मी सरळ अरे-तुरेवर आले. नऊ वर्षांचा असताना तो आईवडिलांबरोबर पुण्याहून टोरोंटोला आला होता आणि त्याचं मराठी नऊ वर्षांचंच राहिलं होतं. सुपरवायझर ओरडला की मला हळूच सांगायचा, "त्याच्याशी माझी कट्टी." एवढा बाप्या माणूस असं बोलला की मला हसू आवरायचं नाही. लग्न नाही, फोन कोणाचा येत नाही. बहिणीच्या घराखालच्या बेसमेंटमध्ये राहायचा. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याच्याकडे बघून हसतो आणि कामाला लागतो.

साडेतीनला आमची शिफ्ट सुटायची. बसस्टॉपवर एक गोष्ट पहिल्याच थंडीत माझ्या लक्षात आली. एक ठरावीक ड्रायव्हर आला की हा पाठ फिरवून बुटाची लेस बांधायला खाली वाकायचा. "पुढची घेऊ." उणे पंधरा तापमान, माझ्या पापण्या गोठतायत, आणि हा लेस बांधतोय. बुटाला लेस नव्हतीच, झिप होती. ती बसही दार उघडून जरा जास्तच थांबायची. करड्या दाढीचा तो ड्रायव्हर सरळ समोर बघत बसायचा. भलताच सुस्त माणूस आहे, असं मला वाटायचं.

एके दिवशी लाइनवरच्या सिमरनने फोनवर गाणं लावलं. "सुन, नया आया है." नेहमीसारखंच ढणढण. मी खोक्याला टेप लावत होते आणि माझा हात थांबला. आमच्या गावच्या जत्रेत तमाशाचा फड लागायचा. आम्हा मुलींना तिकडे फिरकायची बंदी, म्हणून आम्ही गच्चीत बसून ढोलकी तेवढी ऐकायचो.

"अगं, ही तर ढोलकी!" मी ओरडले.

त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. "तुला ऐकू आली?" त्याचा आवाज चिरकला. "ती मी टाकलीय. पंचवीस वर्षांपूर्वी."

त्या दुपारी आम्ही तीन बस सोडल्या. त्याच्याच बिल्डिंगमधला एक जमैकन दोस्त रॅप करायचा आणि हा डीजे. दोघांचाच ग्रुप. डीजे जुन्या रेकॉर्डमधला दोन-चार सेकंदांचा ठेका शोधून तोच फिरवत ठेवायचे, त्यावर रॅप. ठेका कुठून उचलला ते दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून रेकॉर्ड पाण्यात भिजवून लेबलं काढून टाकायची पद्धत होती. याने वडिलांची लावणीची रेकॉर्ड बाथटबमध्ये भिजवली. "बाबांनी पकडलं. खूप मारलं," तो अभिमानाने म्हणाला.

मग त्यांची स्वतःची रेकॉर्ड निघाली. एकच. यानेच दोस्ताच्या गळी उतरवलं की रेडिओवाल्यांना आणि डीजेंना द्यायच्या प्रतींचीही लेबलं धुवायची. "लोक विचारतील ना, हे कोण? शोधत येतील. दॅट वॉज द प्लॅन." लोक त्यावर नाचले. एका मोठ्या ग्रुपने तो ठेका उचलला, त्यांच्याकडून आणखी कोणी, असं करत तो सिमरनच्या गाण्यापर्यंत पोचला. शोधत मात्र कोणीच आलं नाही. दोस्त एवढंच म्हणाला, "तू माझं नाव पुसलंस," आणि बोलायचा थांबला.

"तो आता काय करतो?"

"बस चालवतो," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

"अरे, मग सॉरी म्हण की त्याला!"

"कट्टी त्याने घेतली. त्यानेच सोडायची असते." मग म्हणाला, "तो नाही बोलला तर? आता निदान दिसतो तरी."

मी विषय बदलायला विचारलं, "ढोलकी कोणाची होती?"

"माहीत नाही. लेबल मीच धुतलं ना." तो ओशाळला. "त्याचंही नाव मीच पुसलं."

नंतर एकदा मी त्याला बाही धरून त्या ड्रायव्हरच्या बसकडे ओढलं. पायरीपर्यंत आला आणि "लंच बॅग राहिली" म्हणत परत आत पळाला. बॅग त्याच्या खांद्यालाच होती. मी वैतागले, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फेब्रुवारीत घरासमोरचा बर्फ फावड्याने काढताना तो कोसळला. अंत्यविधीला आम्ही जेमतेम आठजण होतो.

सोमवारी मी त्या बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरला सांगितलं. कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून नुसतं म्हणाले, "माझ्याबरोबर स्टॉपवर एकजण असायचा..."

"लेस बांधणारा?"

मी मान हलवली. पुढचं त्याला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने हँडब्रेक ओढला आणि बस तशीच उभी राहिली.

रविवारी तो ड्रायव्हर बहिणीच्या बेसमेंटमध्ये आला. बहिणीने खोकं पुढ्यात ठेवलं. साठ-सत्तर रेकॉर्ड, एकीवरही नाव नाही. "यात त्याची कुठली, कोण जाणे," ती म्हणाली. मी म्हटलं, आधी ऐकू. तो बूट काढून जमिनीवर बसला आणि एकेक लावत गेला. दोन ठेके ऐकले की त्या ग्रुपचं नाव सांगायचा. सगळी जेवणाच्या सुट्टीत मी याच्या तोंडून ऐकलेली नावं. पाच वाजता ढोलकी लागली. तिच्यावर त्याचाच विशीतला आवाज होता, उतावळा, हसरा.

तो भिंतीकडे तोंड करून बसला. इंग्रजीत जे म्हणाला ते असं होतं, "मीच हाक मारायला हवी होती. दार उघडं ठेवलं की पुरे, असं मला वाटायचं."

मग त्याने पेन मागितलं. मधल्या पांढुरक्या गोलावर आधी गेलेल्या दोस्ताचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं. "आणि ड्रमवाला?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याने तिसरी ओळ मोकळी सोडली.

पुढे ओकव्हिलला नोकरी लागेपर्यंत मी त्याच बसने जात राहिले. साडेतीनला मी चढायचे, कार्ड टेकवायचे, पण दार लगेच लागायचं नाही. गार वारा आत यायचा. मागचे प्रवासी कुरकुरायचे. आम्ही दोघं बाहेर बघायचो. स्टॉपवर कोणी नसायचं.