दीपालीच्या कॉलेजला जोडी पाहिजे

गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी आमच्या घरापासून दत्ताकाकांच्या घरापर्यंत इतक्या चकरा मारल्या, की शेवटी त्यांच्या कुत्र्याने माझ्यावर भुंकणं सोडून दिलं...

विषय साधा होता. माझी धाकटी बहीण दीपाली चांगल्या मार्कांनी दहावी पास झाली. गावातली शाळा दहावीपर्यंतच, पुढे सायन्स घ्यायचं तर सोनपेठ. शनिवारी प्रवेश बंद होणार होते. तिची कागदपत्रं मी निकालाच्या दिवशीच फाईलला लावून ठेवली होती, जास्तीच्या झेरॉक्ससकट.

अडलं होतं बाबांच्या एका अटीवर. "जोडीला कोणी असंल तर जाऊ दे. एकटी पोरगी न्हाई पाठवायची."

मी सोनपेठलाच एका फ्लेक्सच्या दुकानात टायपिंग करतो, रोज गाडीवर जातो. तिला सोडीन, आणीन, असं सांगून पाहिलं. तर म्हणे रस्त्याचं ठीक हाय, पण तू दुकानात अन् ती कॉलेजात... मधल्या सुट्टीत तिच्यासंगं कोण?

म्हणून बाबांच्या दोस्ताकडे, दत्ताकाकांकडे गेलो. त्यांची शीतल दीपालीच्याच वर्गातली. काकांनी चहा पाजला, पोरींनी शिकलंच पाहिजे यावर बराच वेळ बोलले, आणि मग म्हणाले, "आमची तयारच हाय रे. तुमची दीपाली एकदा निघू दे, तिच्यामागं शीतल निघालीच समज."

घरी येऊन हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मग आधी त्याची निघू दे की. आपली बी तयारच हाय."

पुन्हा काका... पुन्हा बाबा... दोन्ही बाप तयार, आणि दोन्ही पोरी घरात.

सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? हे दोघं रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर मांडीला मांडी लावून बसतात. पाऊस, सोयाबीन, कुणाच्या पाहुण्यांनी काय केलं, सगळं बोलून होतं. पण पोरींचं विचारा म्हटलं, तर बाबा म्हणतात, दुसऱ्याच्या लेकीचं आपण कसं काढावं, बरं दिसत न्हाई. काकांचंही शब्दाला शब्द तेच.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा तेच पुराण लावलं. दीपाली भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, जोडी पोरीचीच पायजे असं काही हाय का?"

"म्हंजे?"

"भाऊ बी दहावी पासच हाय की. त्यालाच घाला माझ्या कॉलेजात."

माय हसली. बाबा हसले नाहीत, विचार करायला लागले... तिथंच मला घाम फुटला.

तर मंडळी, चोविसाव्या वर्षी मी अकरावी आर्ट्सला प्रवेश घेतला. तिचं सायन्स, माझं आर्ट्स, आवार एकच. कॉलेज सकाळचं असल्यामुळे मालकांनी मला दुपारपासूनची वेळ करून दिली. पण आधी पोट धरून हसून घेतलं.

शनिवारी सकाळीच दत्ताकाका शीतलला घेऊन दारात उभे. "तुमची निघाली म्हणं. मग आमची कामून घरी राहील?" शेवटच्या दिवशी तिचाही प्रवेश झाला.

त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "आता शीतल हाय जोडीला. तुझं नाव काढून टाक. उगं कामाचा खाडा कशाला करायलायस?"

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. पण दीपालीने पुस्तक मिटलं. "भाऊ न्हाई, तर मी बी न्हाई."

आता रोज सकाळी मी शेवटच्या बाकावर असतो. पहिल्या दिवशी पोरं मला सर समजून उठून उभी राहिली. आणि घरी आल्यावर दीपाली माझा इंग्रजीचा अभ्यास तपासते, तीही दया न दाखवता.

चिडचिड अजून गेलेली नाही... एका हुशार पोरीला शिकायला एवढी सर्कस का लागावी? पण एक गोष्ट मनातून जात नाही. दहावीनंतर मी शिक्षण सोडलं, तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. मुलगा होतो, एकटा जाऊ शकत होतो... एकटाच थांबलो.

विचारणारी तेव्हा तिसरीत होती.