नाव न पुकारणाऱ्या सोनावणेबाई

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात प्रत्येक खिडकीवर नावं ओरडून पुकारली जायची. अपवाद एकच, स्कॉलरशिपच्या सोनावणेबाई. त्या अर्ज काचेखालून पुढे सरकवत, नावावर बोट ठेवत आणि हळूच विचारत, "हे तू ना?" आपण मान हलवायची. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरी राखीव जागा, स्कॉलरशिप असा वाद निघाला की मुलं माझं मत विचारतात आणि मी मत सोडून बाईंचीच गोष्ट सांगत बसतो. बायको तेवढ्यात कुकर लावून येते.

पूर्वी माझं मत फार ठाम होतं. एस.वाय.ला असताना वादविवाद स्पर्धेत मी जातीवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपविरुद्ध तावातावाने बोललो. 'सरकारचे जावई' म्हटल्यावर हॉल असा हसला की मी ते आणखी दोनदा म्हटलं. माझ्याच बाकावर बसणारा विलासही हसत होता. बक्षीस मिळालं.

पुढच्याच आठवड्यात मी बाईंच्या खिडकीशी उभा. संपात वडिलांची गिरणी बंद पडली होती. गरीब घरांसाठीची ई.बी.सी.ची फीमाफी मिळाली नाही, तर कॉलेज सुटणार होतं. बाईंनी कागद तपासले.

"तुझं भाषण ऐकलं रे. आवाज चांगला आहे. इथे सही कर."

मी शहाणा. म्हटलं, बाई, आमचं वेगळं, आमची खरी गरिबी आहे.

बाई चिडल्या नाहीत. "आहेच ना. माझ्या बापाला मात्र रेल्वेत पगार होता. तरी गावी गेलो की विहिरीला हात लावायची सोय नव्हती. पगाराची पावती दाखवून पाणी मिळत नाही, बाळा."

मी सही केली. दाखल्याची नक्कल शोधायच्या निमित्ताने कडेला रेंगाळलो. तेवढ्यात विलास आला. मला बघून त्याने नोटीस बोर्ड वाचल्यासारखं केलं आणि जिन्याकडे वळला. त्याच्या 'कर' लावलेल्या आडनावावरून मला दोन वर्षांत जातीचं कधी काही कळलं नव्हतं. त्याचा अर्ज बाईंच्या हातात होता, सही राहिलेला, आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. हाक मारली असती तर तो थांबला असता, पण मागे अख्खी रांग होती. बाईंनी हाक मारली नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं.

जिन्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, चल, बाई थांबल्यात.

"त्या दिवशी मी पण हसलो, यार," तो म्हणाला. "नसतो हसलो तर सगळ्यांना कळलं असतं ना."

माफी मागायची होती, पण माझ्या त्या बक्षीसवाल्या आवाजातून 'मुदत आजच आहे' एवढंच निघालं. तसेच दोघं खिडकीपर्यंत आलो.

सही करताना विलासचा अर्ज सारखा सरकत होता. बाईंनी काचेखालून हात बाहेर काढला आणि त्याची सही पुरी होईपर्यंत कागद दाबून धरला.