शीलामावशीच्या समोरची खुर्ची

शीलामावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी तिचंच नाव असलेलं पत्रक तपासत होते. 'कोर्टात आमच्या लेकी किती?' असा मथळा आणि खाली प्रमुख वक्त्या म्हणून ती. आईचा फोन आला. "शीला गेली गं... चुलीवर चहा ठेवला व्हता म्हणं, छातीत कळ आली." तिचं नाव समोर ठळक टाइपात होतं. ते खोडायचं की राहू द्यायचं, हे मला कितीतरी वेळ कळेना.

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. सेनगावकडच्या आमच्याच वस्तीतली, मजुराची पोर, तालुक्याच्या कोर्टात वकील म्हणून उभी राहिलेली आम्हा बौद्धांतली पहिली बाई. ती कोटाचं माप द्यायला गेली तर शिंपी म्हणाला, "बाईचा काळा कोट म्या कधी शिवला न्हाई. साहेबांनाच घेऊन या." मावशी म्हणाली, "साहेब मीच हाये. घ्या माप." कोट खांद्यात ढगळ झाला, तरी तिनं तोच वापरला. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली तिचं टेबल होतं आणि समोर पक्षकारासाठी हिरवी प्लास्टिकची खुर्ची. नवीन माणूस आला की तिलाच विचारायचा, "वकीलसाहेब कुठं गेले?" ती म्हणायची, "बसा, येतील." मग पाठीमागचा कोट उचलून सावकाश अंगात घालायची. "हं, आले. बोला." मला हसू आवरायचं नाही. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही.

तिच्याकडं कामं यायची ती पोटगीची, दाखल्यांची, प्रतिज्ञापत्रांची. जमिनीचा दावा, मोठा फौजदारी खटला तिच्या टेबलावरून पुढं सरकायचा, भारदस्त आडनावाच्या पुरुष वकिलाकडं. यावर मी पोटतिडकीनं लिहायचे. माझे वडील, आबा, चळवळीतले; आमच्या घरात पाठ्यपुस्तकाआधी पत्रकं आली, अक्षरं मी त्यांवरच गिरवली. त्यामुळं अन्याय कुठं होतो ते मला पाठ होतं. तो आमच्या ओसरीवरही होऊ शकतो, हे तेवढं पत्रकांत छापलेलं नव्हतं.

आमच्या शेताची वाट शेजारच्या बड्या शेतकऱ्यानं नांगरून टाकली. वाट नाही तर पेरणी नाही. मावशीनं दावा लावला आणि साक्षीपुराव्यापर्यंत नेटानं आणला. मग एका तारखेला न्यायाधीशांनी तिला बोलताना पुन्हा पुन्हा तोडलं, समोरच्या वकिलाला मात्र एकदाही नाही. घरी येताच आबा म्हणाले, "मोठा वकील लावावा लागंल."

"आबा, तुमी असं म्हणता?"

"पत्रक येगळं असतंय, पोरी. वावर पडीक पडलं तर खायचं काय?"

मी वाद घातला नाही. वाद घालण्याचाच माझा लौकिक, आणि मी गप्प बसले, कारण मला ते पटलं होतं.

वकील बदलायचा तर नव्या वकीलपत्रावर जुन्या वकिलाची 'हरकत नाही' म्हणून सही लागते. मावशीला तोंड दाखवायची आबांना लाज वाटली, त्यांनी मला पाठवलं. मी हिरव्या खुर्चीत बसले आणि कागद पुढं केला. तिनं तो वाचला. चहा सांगितला.

"काहून गं?"

"आबा म्हणतात... साहेब लोक तुझं ऐकून घेत न्हाईत."

"ते व्हय, न्हाईत घेत," ती म्हणाली. "आन् तुमी?"

मी कपाकडं बघत राहिले. तिनं सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "नव्या वकिलाला सांग, वाटंवरच्या जुन्या बाभळीचं आधी इचारा. समोरचा तिथंच अडकतो." निघताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरही ती आमच्याकडं यायची, जेवायची, माझी पत्रकं वाचून चुका काढायची. दाव्याचा विषय तिनं कधी काढला नाही. आम्हीही नाही.

तिच्या शोकसभेत वकील मंडळी बोलली. "शांत स्वभावाच्या होत्या, कुणाला कधी तकलीफ दिली न्हाई." माझ्या जिभेवर जळजळीत वाक्यं तयार होती. कोणत्या तोंडानं बोलणार? त्यांनी तिला मोठी कामं दिली नाहीत. आम्ही तर दिलेलं काढून घेतलं.

परवा आमची तारीख होती. मोठे वकील आलेच नव्हते, त्यांच्या ज्युनिअरनं पुढची तारीख घेतली. बाभळीचं अजून कुणी विचारलेलं नाही. परतताना मी शेडखाली थांबले. मावशीचं टेबल तिथंच होतं, वर धूळ, समोर ती खुर्ची. तेवढ्यात पिशवी काखेत धरून एक बाई आली.

"शीलाबाई वकील इथंच बसतात न्हवं? कुरुंद्याहून आले मी. जमिनीचं हाय. भाऊ म्हणून राहिला मोठा वकील कर, पण नणंद म्हणली, कुण्णाकडं जाऊ नको, शीलाबाईकडंच जा."

'शीलाबाईकडंच जा', हे एवढंसं वाक्य मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. माझ्या बापालाही नाही...

मी ओढणीनं खुर्चीवरची धूळ पुसली. बाई बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडं बघू लागली. शीलाबाई आता नाहीत, हे मला तिला सांगायचं होतं. त्या खुर्चीपाशी मला दुसऱ्यांदा तोंड उघडता येईना.