वहिनींनी कोरडा तलाव भरवला

आमच्या वहिनी सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक. चाळिशी उलटल्यावर त्यांनी मनोरंजन व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. माझं केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. गिऱ्हाइकांना हसायला आयतंच कारण मिळालं. "म्हणजे पत्ते कुटण्यात पहिला वर्ग मिळाला की नोकरी पक्की?" एक निवृत्त मास्तर आरशातून डोळा मिचकावत म्हणाले. त्या वेळी माझा वस्तरा त्यांच्या गळ्याशी होता. अशा वेळी माणसाने जीभ आवरावी, एवढंच मी त्यांना सुचवलं.

वहिनींची चेष्टा मला खपत नाही. त्यांनी मला हा विषय एकदा सोप्या शब्दांत सांगितला होता. मैदानं असतात, बागा असतात, तलाव असतो. तिथे तेच ते लोक येतात आणि बाकीचे आयुष्यभर कुंपणाबाहेरून जातात. त्या बाकीच्यांना आत कसं आणायचं, आणल्यावर सांभाळायचं कसं, हे त्या शिकत होत्या. सकाळी तलाव, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा तलाव. दादा बस चालवतो. तो घरी लवकर आला की स्वयंपाकाला लागायचा आणि वहिनी ओट्याशेजारी स्टूल ओढून त्याला धडे वाचून दाखवायच्या. दादा फोडणी देता देता हुं हुं करायचा. त्याला किती कळायचं देव जाणे, पण भाजी कधी करपली नाही.

आईचं मात्र वेगळं होतं. सून काय काम करते असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "दादाची बायको ओली होऊन पगार घेते." पाण्याशी आईचा संबंध बादलीपुरता. नदीवरचा पूल आला तरी ती बसमध्ये डोळे मिटून घ्यायची. सून इतकी वर्षं जिथे राबते, त्या तलावाच्या फाटकात तिने पाऊल टाकलेलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी वहिनींना एक प्रकल्प करायचा होता. तलावावर कधीच न येणाऱ्यांसाठी कार्यक्रम घ्यायचा आणि शेवटच्या दिवशी बाहेरचे परीक्षक येऊन तो बघणार. तलावाचे जुने व्यवस्थापक निवृत्त व्हायला आले होते. पदवी वेळेवर हातात पडली तर ती जागा वहिनींना. नाहीतर कुणीतरी बाहेरून येऊन त्यांच्या डोक्यावर बसणार होतं. वहिनींनी पाण्याला घाबरणाऱ्या बायका निवडल्या आणि सगळी तयारी झाली. तेवढ्यात तलावाच्या तळाच्या फरश्या उखडल्या आणि सगळं पाणी सोडून द्यावं लागलं.

वहिनी दुकानात आल्या आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या.

"भाऊजी, पाण्याचा कार्यक्रम आणि तलाव कोरडा. परीक्षकांची तारीख काही हलत नाही."

मी चहा सांगितला. त्या आरशाकडे बघत होत्या, पण स्वतःला बघत नव्हत्या. मग एकदम म्हणाल्या, "घाबरणाऱ्यांना कोरडाच बरा की. तळ बघतील. आणि दुरुस्ती झाली की भरायला लागेलच हळूहळू." चहासुद्धा न घेता निघून गेल्या.

बायका कमी पडत होत्या म्हणून त्यांनी आईलाही विचारलं. मला वाटलं, आता नन्नाचा पाढा सुरू होणार. आई म्हणाली, "पाणी नाही ना नक्की? मग येते. तळ बघायला काय जातंय माझं."

दुपारी माझं दुकान बंद असतं, म्हणून खुर्च्या मांडायला मी जायचो. दुरुस्तीचा कोपरा दोरीने बंद केला होता. बाकी सगळा तलाव निळ्या फरश्यांचा, उतरता. बायका शिडीवरून उलट्या उतरल्या आणि उथळ बाजूने खोल बाजूकडे चालायला लागल्या, भिंती दोन्हीकडून उंच होत गेल्या तशा एकमेकींना चिकटल्या. पण वहिनी जीवरक्षक पडल्या. काठावर उभ्या, गळ्यात शिट्टी, नजर सारखी डोकी मोजणारी. कुणी उतारावर टेकली की फुर्रर्र. कुणी बोलायला थांबली की फुर्रर्र. "थांबू नका, चालत राहा, आता हात वर." पाण्यात थांबलेला माणूस म्हणजे संकट, ही त्यांची सवय, आणि खाली पाण्याचा थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका फिरकल्या नाहीत. आईने पाय दुखल्याचं निमित्त काढलं.

वहिनींचा चेहरा पडला. "काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कोरड्या जागेत लोकांना बुडण्यापासून वाचवताय," मी म्हणालो. "बसू द्या की त्यांना."

त्या चांगल्याच रागावल्या. मग हसल्या, आणि शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. त्यानंतर त्या स्वतः घरोघरी गेल्या आणि गेलेल्यांना परत घेऊन आल्या. आईसाठी फार लांब जावं लागलं नाही. स्वयंपाकघरात उभं राहून त्या म्हणाल्या, "आई, आता नुसतं बसायला या."

मग खरी गंमत सुरू झाली. कुणीतरी खोल बाजूला मोठ्याने शिंकलं आणि ती शिंक भिंतींवर आपटून परत आली. आईने बघून घेतलं कुणी ऐकत नाही ना, आणि दादाचं लहानपणीचं नाव घेऊन हाक मारली. तलावाने ती चौपट करून परत दिली. आई इतकी हसली की खाली बसली. दुपारभर बायका ओरडत होत्या, गात होत्या, उतारावरून चेंडू सोडून कुणाचा आधी पोचतो ते बघत होत्या. वहिनी त्यांच्यात बसल्या नाहीत, काठावरच राहिल्या. पण गप्प राहिल्या, आणि तेवढं त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं.

फरश्या बसल्या, पाणी सोडलं. ते आधी खोल बाजूला साठलं आणि रोज थोडं थोडं उतार चढून वर यायला लागलं. बायका त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. आज पावलं, मग घोटे, मग पोटऱ्या. पाणी बायकांकडे चालत येत होतं आणि बायकांनी त्याला नाही म्हटलं नाही. परीक्षकांच्या दिवशी आमची आई उथळ बाजूला कंबरभर पाण्यात, कठड्याचा दांडा घट्ट धरून उभी होती. मी खुर्ची मांडायची विसरून बघत राहिलो.

परीक्षक कमी बोलणारे होते. सगळं नीट बघून त्यांनी विचारलं, "उद्यापासून नेहमीचा तलाव सुरू. कार्यक्रम संपला. मग या बायकांचं काय?"

"माहीत नाही, सर," वहिनी म्हणाल्या. "त्या तलाव कोरडा होता म्हणून आल्या होत्या."

मला त्यांचा रागच आला. थोडं वाढवून सांगायला काय हरकत होती? परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि पाण्याशी वाकून आईला विचारलं, "आजी, भीती गेली का?"

आमची आई पोटच्या पोरासाठीसुद्धा खोटं बोलत नाही. वहिनींनाही ते ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घातली.

"नाही," आई म्हणाली. "कशी जाईल? पाणी तेच आहे."

"मग उद्यापासून येणार नाही?"

"येणार तर. आमच्या सगळ्यांचं ठरलंय. माझी सून असते इथे."

घरात आजवर 'दादाची बायको' म्हणणारी बाई, भरल्या तलावात, सगळ्यांसमोर 'माझी सून' म्हणाली. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं आणि वहिनींशी हात मिळवला. वहिनी उत्तम गुणांनी पास झाल्या आणि व्यवस्थापकाची जागा त्यांनाच मिळाली, पण ते सगळं पुढे. त्या दुपारी त्या काठावर चांगले इस्त्रीचे कपडे घालून उभ्या होत्या आणि हाताच्या पाठीने डोळे पुसत होत्या.

"अगं, रडतेस काय," आई म्हणाली. दांड्यावरचा एक हात सोडून तिने तो पुढे केला. "सारखी मेली काठावरच उभी. ये, खेळ जरा."

वहिनींनी चपला काढल्या आणि तशाच इस्त्रीच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या.