पाड्यावरचे शाईचे ठिपके

या सदरात लोक भुताखेतांचं लिहितात ते मी वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. मी जव्हारच्या शाळेत शास्त्र आणि गणित शिकवलं. कुणाच्या अंगात आलंय म्हटलं की मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतो, असा माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण जे पाहिलं ते याच डोळ्यांनी पाहिलं, आणि ते नाकारणं मला जमलेलं नाही.

काळ संस्थानी. पहिलं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. कचेरीत सगळा कारभार टाक-दौतीवर चालायचा. फाउंटन पेनचं वेड जव्हारात आम्हा दोघांनाच — मला आणि वासूला. वासू म्हणजे संस्थानचा देवी डॉक्टर. पाड्यापाड्यांवर फिरून मुलांना देवीची लस टोचायची, हे त्याचं काम. खरा डॉक्टर नव्हता तो, पण लोक तसंच म्हणत.

सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे यायचा आणि आम्ही पेनं उघडून बसायचो. कोमट पाण्यात निब भिजत घालायची, निबखालची जीभ साफ करायची, खरखरणारं टोक गुळगुळीत काचेवर हलक्या हातानं फिरवायचं... त्यात वेळ कसा जायचा कळत नसे. शाईही मी घरीच करायचो. हिरड्याचा काढा, हिराकस, थोडा डिंक, आणि मुंबईहून आणलेली जांभळी पूड. माझ्या बायकोची एक कढई त्यात कायमची कामातून गेली. पण शाई अशी उतरली की वासू खूष. कागदावर गर्द जांभळी आणि वाळली की कडेला तांब्यासारखी झाक. तशी शाई बाजारात मिळत नव्हती. ती आम्हा दोघांच्याच पेनांत असायची.

वासूची एक सवय होती. मुलाला टोचून झालं की त्याच्या मनगटावर पेनानं एक ठिपका द्यायचा. रडणारं पोर ठिपक्याकडे बघत गप्प व्हायचं. हळूहळू आयांनाही ठाऊक झालं — ठिपका दिसला म्हणजे या पोराला टोचलंय, आता देवीची भीती नाही.

त्या वर्षी थंडी सरता सरता खोडाळ्याच्या बाजूला देवी आल्याची बातमी आली. वासूला साखरशेतकडे जायचा हुकूम झाला. निघायच्या आदल्या दिवशी तो पेन घेऊन माझ्याकडे आला.

"गळतंय रे. सगळा खिसा भरला. तू बघ जरा."

"मग लिहिणार कशानं?"

"पेन्सिल नेतो. आल्यावर घेईन."

मी त्याचं पेन दुरुस्त केलं, ड्रॉपरनं तोंडापर्यंत शाई भरली आणि नळी बुडाशी गळतेय का बघायला निब वर करून एका पेल्यात उभं ठेवलं. खाली टीपकागद घातला. पेला माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, कारण घरात लहान मुलं. किल्ली माझ्या जानव्याला.

वासू परत आला तो बैलगाडीत, घोंगडीत गुंडाळलेला. साखरशेतच्या पुढे दरीत उतरल्यावर नदीपलीकडे एक पाडा आहे, तिकडे निघाला असताना वाटेवरच त्याला पान लागलं, साप चावला. बरोबरच्या शिपायानं धोतर फाडून पाय बांधला आणि पाठीवर घालून त्याला गावात परत आणलं. तो शिपाई मला म्हणाला, "शेवटपर्यंत एकच बोलत होते. तो पाडा राहिला, तो पाडा राहिला." लशीच्या नळ्यांची पेटी जशीच्या तशी गाडीत होती.

दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही त्याला अग्नी दिला. त्याला भाऊ नव्हता, मूल नव्हतं. मडकं मीच धरलं. पायाची ती पट्टी सोडायची राहून गेली होती, ती तशीच त्याच्याबरोबर गेली.

काही दिवसांनी संस्थाननं दुसरा माणूस नेमला — शिंदे नावाचा, घाटावरचा. त्याला इकडची माणसं माहीत नव्हती आणि पाड्यावर परका माणूस दिसला की आया पोरांना घेऊन रानात जात. म्हणून मी शाळेतून रजा काढून त्याच्याबरोबर गेलो. राहिलेल्या त्या पाड्यावर आधी जायचं ठरवलं.

आम्ही पोचलो तेव्हा कुणी पळालं नाही. उलट हसत पुढे आले. जानी नावाची एक तरुण बाई अंगणात नागली पाखडत होती, तिच्याजवळ चार-पाच वर्षांची मुलगी. शिंद्यानं पेटी उघडली तशी जानी म्हणाली, "आता कशाला? आमचे पोरांला झालंय की."

"काय झालंय?"

"ठिपका देलाय. तुझा डॉक्टर आल्ता ना."

तिनं मुलीचा हात माझ्यापुढे धरला. मनगटावर गर्द जांभळा ठिपका, कडेला तांबूस झाक. मी बोट थुंकीनं ओलं करून घासलं. बोटाला रंग लागला. माझीच शाई होती ती. स्वतः केलेली शाई माणूस ओळखतो.

मला वाटलं, जुनं काहीतरी असेल. मागच्या वर्षीचं. पण शाई कातडीवर वर्षभर कशी टिकेल?

"कधी आला होता?" मी विचारलं.

पाड्याचा म्हातारा लखमा तिथंच बसला होता. त्यानं बोटं मोडून हिशेब सांगितला, बाजाराच्या दिवसावरून. मी पुन्हा पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा तोच दिवस आला. ज्या दुपारी आम्ही वासूला अग्नी दिला, ती दुपार.

"एकटाच व्हता," लखमा म्हणाला. "पायाला फडका बांधलेला, लंगडत आला. बस म्हटलं तं बसला नाय. पाणी देलं तं पिला नाय. पोरांचे हात धरले, ठिपके देले आन् गेला."

"टोचलं नाही?"

"नाय. पेटी कुठं व्हती त्याच्यापाशी?"

"काही बोलला?"

"भिऊ नका म्हणला."

शिंद्याचा चेहरा उतरला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, कुणीतरी लबाडी केली असेल." मीही तेच धरून बसलो. मग आम्ही घरोघर फिरून मुलांचे दंड बघितले. कुठे ओरखडाही नव्हता. मनगटावर मात्र सगळ्यांच्या ठिपका.

मी त्यांना समजावलं. तुमचा डॉक्टर वारला, असं सांगितलं. त्यांच्यापर्यंत ती बातमी पोचलीच नव्हती. ते ऐकून बाया घाबरल्या, पण परिणाम उलटाच झाला. मेलेला माणूस येऊन हात लावून गेला, आता त्यावर दुसऱ्यानं सुरी लावायची नाही, असं लखमानं ठरवलं. मी विनवण्या केल्या. मेलेला माणूस येत नसतो, असं शास्त्र शिकवणाऱ्या आवाजात सांगितलं. जानीनं मुलीचा हात पुन्हा वर धरला.

"मंग हा ठिपका कोणी देला?"

मी पुढच्या घराकडे वळलो. कडेच्या दोन घरांनी तेवढं टोचून घेतलं. बाकी कुणी हात पुढे केला नाही. आम्ही परत फिरलो.

घरी आल्यावर हातपायही न धुता मी कपाट उघडलं. कुलूप होतं तसं होतं. पेन पेल्यात उभं होतं, निब वर. खालचा टीपकागद पांढरा स्वच्छ. मी पेन उचललं तेव्हाच ते हलकं लागलं. नळी उघडली... आत शाईचा थेंब नव्हता. नुसतं वाळलं असतं तर आतून पापुद्रा धरला असता. तोही नव्हता. ज्यानं वापरलं त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत वापरलं होतं.

बायको मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, "हे वहिनींना सांगू नका." पण वासूच्या बायकोच्या कानावर शिंद्याकडून गेलंच. ती माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली.

"पाय दुखत होता का त्यांचा? काही म्हणाले का तिथले लोक?"

"लंगडत होता म्हणाले."

तिनं मान हलवली. "काम राहिलं होतं ना," असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली आणि गेली. पुढे त्या पाड्यावर काय झालं ते तिला कुणीच सांगितलं नाही. मीही नाही.

कारण महिनाभरात देवी तिथे पोचल्या. शिंदे धावत गेला, पण उशीर झाला होता. टोचून घेतलेल्या दोन घरांतली मुलं वाचली. बाकीच्या घरांतली फार थोडी राहिली. शिंदे सांगत होता, अंगभर फोड, पण मनगटावरच्या ठिपक्याची जागा तेवढी स्वच्छ. ठिपके कुणाचेच पुसले गेले नव्हते.

जानी मला पावसाळ्यानंतर जव्हारच्या बाजारात भेटली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बरोबर मुलगी नव्हती, तेव्हा मी काही विचारलं नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुझा डॉक्टर वाईट माणूस व्हता का?"

"नाही गं. फार चांगला होता."

"आमचेवर राग व्हता त्याचा?"

"नव्हता. तुमचीच काळजी करत गेला तो."

ती रागावलेली वाटत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग तो आला नसता तं आम्ही टोचून घेतलं असतं," ती म्हणाली. "तो का आला?"

ती उत्तराची वाट बघून निघून गेली. एवढी वर्षं मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत आलो, पण तिला सांगण्याजोगं माझ्यापाशी तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही.