काकू आणि माझं मेजर

कुणी कॉलेजच्या विषयांचा कागद पुढे केला की काकू तो आधी पालथा घालायच्या आणि त्यावर चहाचा कप ठेवायच्या. मग विचारायच्या, "हे राहू दे बाप्पा. काल तुले काय दिसलं, ते सांग."

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास गडबडतो. मीही गडबडले. "काही नाही, बस दिसली," असं काहीतरी बोलले. "मग अजून काही ठरवू नको," म्हणून काकू भांडी पुसायला लागल्या.

ही 2016 ची गोष्ट. कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी कामाला होतो. मी दोन वर्षांच्या कॉलेजातली, फक्त शनिवार-रविवार जाणारी. काकू तिथे सतरा वर्षं होत्या. त्याआधी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवायच्या. इथे ती डिग्री कुणी विचारली नाही. त्याबद्दल कुरकुर मात्र मी कधी ऐकली नाही. "पोरं काय न् म्हातारे काय, दोघंही भाजी टाकून देतात," एवढंच म्हणायच्या.

ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांचं जेवण आमच्याकडे वेगळं असे. भाजी वाटलेली, आणि चहासुद्धा पावडर घालून दाट केलेला. तो चहा पाहून मला शिसारी आली, तर काकूंनी एक कप माझ्यासमोर ठेवला. "लोकांना देते ना? मग पी." मी प्यायले. त्यानंतर तो चहा कुणापुढे नुसता आदळून पुढे जाणं मला जमलं नाही.

त्या हिवाळ्यात मला युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर घ्यायची होती. हेल्थमध्ये जायचं एवढं पक्कं होतं, पण मेजर, म्हणजे मुख्य विषय, काय घ्यायचा ते सुचत नव्हतं. आपल्या लोकांचं तुम्हीही पाहिलं असेल, मूल हॉस्पिटल म्हणालं की पालक बायॉलॉजी म्हणतात. माझे बाबा नाशिकचे इंजिनियर, आता शेजारच्या वॉन शहरातल्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर. "हेल्थ म्हणजे बायॉलॉजी. यात विचारायचं काय?" संक्रांतीच्या कार्यक्रमात भेटलेल्या एका रिटायर्ड डॉक्टर काकांनीही तेच सांगितलं. केमिस्ट्रीत मी जेमतेम पास झाले होते. बायॉलॉजीत मी गटांगळ्या खाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. पण बाबांना 'नाही' म्हणायचं तर त्या जागी दुसरं काहीतरी ठेवायला हवं ना? ते माझ्याकडे नव्हतं, आणि फॉर्मची मुदत महिनाअखेरीस संपत होती.

आमच्या डायनिंग रूममध्ये एक इटालियन आजोबा होते. स्ट्रोकनंतर त्यांचं बोलणं कुणालाच कळत नसे, आणि कळलं नाही की ते ताट ढकलायचे. एका शनिवारी ते असेच चिडले. मी जाऊन पडदा ओढला, तसे शांत झाले. डोळ्यांवर ऊन येत होतं, एवढंच.

काकू ट्रॉली धरून बघत होत्या. "तुले कसं समजलं वं?"

"त्यांचे उच्चार ठरावीक पद्धतीनेच बदलतात, काकू. पाच-सहा वेळा ऐकलं की लक्षात येतं."

"मले सतरा वर्षांत असं कुणाचं समजलं नाही." मग त्या थांबल्या. "म्हणजे तुले दिसत नाही पोरी, ऐकू येते."

महिन्यातून एखाद्या शनिवारी तिथे एक थेरपिस्ट यायची. स्ट्रोक झालेल्यांना पुन्हा बोलायला, गिळायला शिकवायची. मला तिच्याशी बोलायची लाज वाटत होती. काकूंना कसली लाज! हातात डाव तसाच धरून त्यांनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "एक्सक्यूज मी मॅडम, इन कॉलेज, व्हॉट मेजर यू टेक?"

ती हसली. "लिंग्विस्टिक्स," म्हणाली.

भाषाशास्त्र! त्यासोबत शरीररचनेचे आणि सायकॉलॉजीचे काही कोर्स, आणि मग मास्टर्स. तिने सगळं एका डाएट कार्डच्या मागे लिहून दिलं.

घरी बाबांनी चमचा खाली ठेवला. "भाषाशास्त्र? पेशंट काय तुला व्याकरण विचारायला येणार आहे?" त्यानंतर तीन दिवस अबोला.

रविवारी शिफ्ट संपवून, बर्फात दोन बस बदलून काकू आमच्या घरी आल्या. डब्यात पाटवड्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी बाबांना विचारलं, "भाऊ, तुम्ही इंजिनियरिंग काहून घेतलं?"

"मार्क होते."

"मी बॉटनी काहून घेतलं, माहीत आहे? मोठ्या बहिणीची पुस्तकं घरात पडून होती. वडील म्हणाले, वाया कशाला घालवायची?" काकू स्वतःच मोठ्याने हसल्या. आम्ही कुणी हसलो नाही. बाबांनी आणखी एक पाटवडी घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या थेरपिस्टला फोन केला आणि वेअरहाऊसचा माल तपासावा तसे अर्धा तास प्रश्न विचारले. शेवटच्या दिवशी फॉर्म गेला. तेव्हा बाबा माझ्या शेजारी बसून होते.

सप्टेंबरात मी ओटावाला गेले. काकूंचा फोन दर रविवारी यायचा. "काल काय ऐकलं?" आता प्रश्न बदलला होता. मग मी सुटायचे. बसमधली तोतरी मुलगी, अर्ध्या वाक्यात फ्रेंचवर जाणारे प्रोफेसर, लॅबमधलं घशाचं मॉडेल. काकू मधेच म्हणायच्या, "थांब थांब, घशातल्या त्या पडद्याचं नाव पुन्हा सांग." मला वाटायचं, माझं कौतुक चाललंय.

मास्टर्सची ॲडमिशन मिळाली तेव्हा काकूंना जाऊन दोन महिने झाले होते. हार्ट अटॅकने गेल्या, फेब्रुवारीत. पहिला फोन त्यांना करायचा असं तीन वर्षं मनाशी ठरवलेलं. फोन हातात घेतला आणि मग तसाच ठेवून दिला. खूप रडले.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने बेसमेंट आवरायला काढलं तेव्हा मला बोलावलं. "आई युज्ड टू टॉक अबाउट यू ऑल द टाइम. हे बघ, तुझं काही आहे का यात?" त्याने एक पाकीट पुढे केलं.

आत एका कॉलेजच्या पार्ट-टाइम कोर्सचा ॲप्लिकेशन फॉर्म होता. मला वाटलं, माझ्यासाठी आणून ठेवला असेल. पण त्यावर काकूंचं नाव होतं. शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात जन्मतारीख, पत्ता, आधीचं शिक्षण. सगळं भरलेलं, पेनाने. फक्त विषयाच्या रकान्यात पेन्सिल वापरली होती. लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. किती वेळा, कोण जाणे. कागद तिथे झिजून पातळ झाला होता.

मी फॉर्म खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, तिरका करून पाहिला. एकही अक्षर वाचता आलं नाही.

त्यांना विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.