ओट्यावरची फुलवाली

“भावोजी, ती गोणी आधी हलवा, मग कपाटं आत जातील!” माझा मेव्हणा अख्ख्या तिरुविडैमरुदूरला ऐकू जाईल असा मराठीत ओरडला. गोणी म्हणजे बंद राइस मिलच्या ओट्यावर बसणारी फुलवाली. त्या मिलचं आम्ही वाचनालय करत होतो. आतून इतका कोंडा झाडला होता की कावेरी बुजली असती.

“तिला हलवायचं तर देवळाचा रथ ओढणारे सगळे बोलवावे लागतील,” मीही मराठीतच ठोकून दिलं आणि तिच्याकडे वळून तमिळमध्ये साखर पेरली, “अम्मा, जरा सरकता का?”

महिनाभर आमचं हेच चाललं होतं. या तमिळ मुलखात मराठी ही आमची पिढ्यानपिढ्या घरातच टिकलेली भाषा, बाहेर कुणाला कळणार! केळीच्या धाग्यात मोगरा बांधताना ती मान वर करत नसे. आम्ही हसलो की तिची बोटं मात्र थांबायची. मला वाटे, गाठ आवळतेय.

त्या दिवशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि अगदी आमच्या घरातल्या मराठीत म्हणाली, “उठतें. रथ नको.”

मेव्हण्याच्या हातून कपाट सुटता सुटता राहिलं. दारावर ‘सर्वांसाठी खुले’ ही पाटी मीच रंगवली होती; आता ती मला वाचवेना. टोपली घेऊन ती रस्त्यापलीकडे उन्हात जाऊन बसली. मी मागोमाग गेलो.

“परत ओट्यावर चला ना,” मी मराठीत म्हणालो. “तुम्हाला सगळं कळत होतं, तर आधी का नाही बोललात?”

“तुम्ही मजशीं तमिळच बोलत होतां.”